विड्रॉल ११ दिवस पेंडिंग, केवायसी संपतच नाय, आता म्हणतात टॅक्स आधी भरा

शिवडीचा_बाव्या:
नमस्कार मंडळी. इथे नुसतं वाचत असतो, लिहितोय पहिल्यांदाच. शिव्या घालायच्या असतील तर घाला, पण आधी उत्तर द्या.

मी शिवडीला राहतो, वाशीला एका ट्रान्सपोर्टवाल्याकडे बिलिंगला आहे. हार्बर लाइनच्या लोकलला आमचा सकाळचा ग्रुप आहे, त्यातल्या एकाने ऑनलाइन कसिनोची लिंक दिली, ॲप प्लेस्टोअरवर नाही, लिंकवरनंच उतरवायचं. रूलेट आहे, पत्ते आहेत, आणि ते विमान वर वर जातं आणि कधी पण उडून जातं तो गेम आहे. सुरुवातीला ५०० टाकले, मग हजार, असे करत करत दोन महिन्यांत एकूण २२,००० टाकले, सगळे यूपीआयने. एका शुक्रवारी रात्री त्या विमानात असा काही हात लागला की बॅलन्स १,८४,६०० झाला. खोटं कशाला बोलू, मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून एकटाच हसत होतो.

लगेच सगळ्याचा विड्रॉल टाकला. दुसऱ्या दिवशी मेल, केवायसी करा. आधार पाठवलं, तर फोटोवर चमक येते म्हणून रिजेक्ट. परत काढून पाठवलं, तर म्हणे पॅन द्या. पॅन दिलं, तर पासबुकवर नाव वेगळं आहे. वेगळं काय, बँकेने आडनाव पुढे छापलंय, मग माझं, मग बाबांचं, माणूस एकच ना. मग पत्त्याचा पुरावा, तीन महिन्यांच्या आतलं लाइट बिल. आता माझ्या आधारवर गावचा पत्ता, तालुका राजापूर. आणि रूम पागडीची, बेस्टचं बिल अजून आजोबांच्या नावाने येतं, ते २००९ ला गेले. हे मी चॅटवर त्या बाईला समजावत बसलो (बाई का मशीन देव जाणे), तर ती दर वेळी तेच, डिअर प्लेयर ७२ तास थांबा. मग हातात कागद धरून सेल्फी, कागदावर तारीख आणि साइटचं नाव. तो पण दिला, बायको झोपल्यावर, किचनमध्ये उभं राहून.

या सगळ्यात स्क्रीनवर विड्रॉलच्या बाजूलाच बटण, रद्द करा आणि खेळा. सहाव्या दिवशी डोकं फिरलं, म्हटलं पडूनच आहेत तर थोडे काढू, ३४,६०० परत घेतले आणि पाऊण तासात घालवले. आता दीड लाख पेंडिंग.

आणि काल टेलिग्रामवर त्यांचा मॅनेजर आला, म्हणतो केवायसी पास झालं अभिनंदन, आता भारत सरकारचा ३० टक्के टॅक्स म्हणून ४५,००० आधी भरा, मग पूर्ण दीड लाख अधिक तुमचे ४५,००० दोन तासांत खात्यात. माझ्याकडे एवढे नाहीत, एक मित्र द्यायला तयार आहे. भरू का? कोणाला आलेत का असे पैसे? मुलाची फी भरायची आहे जूनमध्ये, म्हणून विचारतोय.

घाटकोपरवाली_ताई:
नको भरूस. एक रुपया पण नको. सविस्तर बाकीचे सांगतील, मी फक्त तू मित्राकडून पैसे घ्यायच्या आत हे लिहून ठेवतेय.

नाइटशिफ्ट_मालाड:
भावा मी मालाडला माइंडस्पेसला एका बाहेरच्या गेमिंग कंपनीच्या व्हेरिफिकेशन प्रोसेसला होतो, तीन वर्षं, इंग्लंडचे कस्टमर, त्यामुळे काउंटरच्या त्या बाजूने कसं दिसतं ते सांगतो.

आधी हे की केवायसी मागणं म्हणजे लगेच फ्रॉड असं नाही. लायसन्सवाल्या कंपनीला ते करावंच लागतं. काळा पैसा आत टाकायचा, दोन हात खेळायचे आणि जिंकलेले म्हणून पांढरा करून बाहेर काढायचा ही जुनी आयडिया आहे, म्हणून युरोपात २,००० युरो किंवा वरचा व्यवहार झाला की माणूस कोण आहे ते तपासायची कसिनोवर सक्ती आहे. ज्या मार्गाने पैसे आले त्याच मार्गाने परत जाणार, आणि दोन्हीकडे नाव एकच पाहिजे, तेही त्यासाठीच. आणि तू सांगितलेली कारणं, चमक, कोपरा कापलेला, नावाचा क्रम, ही पण खरी कारणं आहेत. लॅमिनेट केलेल्या आधारवर ट्यूबलाइट पडली की मशीनला शेवटचे आकडे वाचता येत नाहीत. आपल्याकडच्या नावांचं तर विचारूच नको, पॅनवर वडिलांचं नाव मधे पूर्ण, बँकेत नुसतं आद्याक्षर, पासबुकला आडनाव पुढे, मशीन सरळ मिसमॅच मारतं आणि फाइल माणसाकडे येते. तो माणूस म्हणजे रात्री तीनला चहा मारून बसलेला मी. साफ फाइल असेल तर मला दहा मिनिटं पण लागायची नाहीत. वेळ जातो तो लायनीत, शनिवार-रविवार आला की लायन अजून लांब, आणि रक्कम मोठी असेल तर दुसऱ्या टीमची सही.

पण (आणि हा पण मोठा आहे) आम्ही यादी एकदाच पाठवायचो. हे हे आणि हे द्या, संपलं. तुझ्याकडे एक दिलं की दुसरं, दुसरं दिलं की तिसरं चाललंय. हा उशीर नाहीये, ही लांबण आहे. इंग्लंडच्या जुगार आयोगाने मे २०१९ पासून नियमच केलाय की ओळख आणि वय खेळायला द्यायच्या आधी तपासा, आणि जे आधी विचारता आलं असतं ते विड्रॉलच्या वेळी अडवणूक म्हणून मागायचं नाही. कारण सगळे हेच करत होते. पैसे घेताना नाव पण विचारायचं नाही आणि देताना पणजोबांची कुंडली.

आणि ते रद्द करा आणि खेळा बटण. अरे ते सगळ्यात पाजी काम आहे. माणूस चिडलेला आहे, पैसे समोर दिसतायत पण हातात नाहीत, अशा वेळी ते बटण डोळ्यासमोर ठेवायचं. तू सहाव्या दिवशी दाबलंस, लोक पहिल्या रात्रीच दाबतात. इंग्लंडमध्ये ऑक्टोबर २०२१ च्या शेवटापासून त्याला बंदी आहे. तिथे बंदी, इथे तुझ्या स्क्रीनवर ठसठशीत.

एक सांग, तू यूपीआय केलंस तेव्हा पैसे कोणाच्या नावावर जात होते?

शिवडीचा_बाव्या:
दर वेळी वेगळं नाव. एकदा कुठलं तरी ट्रेडर्स, एकदा एक बाईचं नाव, एकदा मोबाइल ॲक्सेसरीज असं काहीतरी. मला वाटलं गेटवे असेल.

नाइटशिफ्ट_मालाड:
संपला विषय. ती भाड्याची खाती आहेत, दुसऱ्यांच्या नावाने घेतलेली. खऱ्या कंपनीला दर आठवड्याला नवीन बाईच्या खात्यात पैसे घ्यायची गरज पडत नाही. आणि तुझ्याकडे मात्र पासबुकवरच्या नावाचा क्रम तपासतायत, बघ गंमत.

आकडेमोड_गिरगाव:
सीएच्या ऑफिसात आहे, टॅक्सचं तेवढं सांगतो, कारण हा ३० टक्क्यांचा आकडा खरा आहे आणि म्हणूनच लोक फसतात.

ऑनलाइन गेमच्या निव्वळ जिंकलेल्या रकमेवर ३० टक्के टॅक्स १ एप्रिल २०२३ पासून लागू आहे, आणि टीडीएस (म्हणजे पैसे देतानाच टॅक्स) कापायची जबाबदारी गेम चालवणाऱ्याची. तो कसा कापतो? तुमच्या पैशातनं कापतो, उरलेले देतो. तुमच्या खिशातनं आधी मागत नाही. पगारातनं टीडीएस कापताना तुमचा शेठ कधी म्हणतो का की आधी रोख आणून दे मग पगार देतो?

दुसरं, निव्वळ म्हणजे काय. काढलेल्या रकमेतनं तुम्ही टाकलेली रक्कम वजा. तुमचे १,५०,००० वजा २२,००० म्हणजे १,२८,०००, त्याचे ३० टक्के ३८,४००, हातात यायला पाहिजेत १,११,६००. त्या मॅनेजरने सरळ दीड लाखाचे ३० टक्के लावून ४५,००० सांगितले. म्हणजे भारत सरकारच्या नावाने मागतोय आणि भारत सरकारचा हिशोब पण येत नाही त्याला. आणि वर टॅक्स परत मिळणार म्हणतो! टॅक्स भरल्यावर दोन तासांत परत देणारं सरकार कुठे असेल तर मला पण पत्ता द्या, आमच्या क्लायंटना तिकडेच शिफ्ट करतो.

एक करा, त्याला कंपनीचा टॅन नंबर विचारा. जो टीडीएस कापतो त्याच्याकडे तो असतोच, दहा अक्षरी, मुंबईत घेतलेला असेल तर एमयूएमने सुरू होतो. कापलेला टॅक्स आयकर खात्याच्या साइटवर तुमच्या नावापुढे दिसतो. काय उत्तर येतं ते इथे टाका, करमणूक होईल.

काळाचौकीचे_काका:
आमच्या वेळी मटका होता. न्यूयॉर्कच्या कापसाच्या भावावर ओपन आणि क्लोज लागायचा, मग ते बंद झालं तेव्हा मडक्यातनं चिठ्ठ्या, मग पत्ते. गिरणी सुटली की सगळी आळी आकड्यात. आमच्या चाळीखाली एक पानवाला आकडा घ्यायचा, कागदाचा एवढासा कपटा, त्यावर पेन्सिलीने दोन आकडे, ना सही ना शिक्का. पण लागला तर सकाळी नळाला पाणी यायच्या आत पैसे दारात. कोणी आधार मागितलं नाही. मी त्या धंद्याचं कौतुक करत नाही बरं का, माझ्या सख्ख्या भावाचा पूर्ण बोनस दर दिवाळीला त्यात जायचा आणि वहिनी आमच्याकडे येऊन रडायची. पण निदान पानवाल्याची कॉलर धरता येत होती. तू कोणाची धरणार बाळा?

पश्चिमद्रुतगती:
काका 🙏

मी उलटी गोष्ट सांगतो, म्हणजे पैसे आले तर काय होतं. मला गेल्या वर्षी अशाच एका ॲपवरनं १८,००० आले. खरंच आले. कुठल्यातरी माणसाच्या खात्यातनं आयएमपीएस झाले. मी खूश, पोरांना मामलेदार मिसळ खिलवली. तीन आठवड्यांनी कार्ड चालेना, पेट्रोल पंपावर पाठीमागे लायन आणि मी खिसे चाचपतोय. बँकेत गेलो तर म्हणे दुसऱ्या राज्याच्या सायबर पोलिसांकडून खातं होल्ड आहे, तुमच्या खात्यात फसवणुकीचे पैसे आलेत. म्हणजे कोणा दुसऱ्या बिचाऱ्याला लुबाडलं, त्याचे पैसे मला जिंकलेले म्हणून पाठवले, आणि त्याने तक्रार केल्यावर साखळीत माझं खातं. पगार त्याच खात्यात. बँकेकडून तक्रारीचा नंबर आणि पोलीस स्टेशन लिहून घेतलं, तिथल्या अधिकाऱ्याला मेल, स्टेटमेंट, चुलत्याच्या ओळखीचा वकील, हे सगळं करून फक्त १८,००० अडवून ठेवून बाकीचं खातं मोकळं व्हायला चार महिने गेले. चार महिने मी ऑफिसात कॅशने पगार मागत होतो.

त्यामुळे बाव्या, तुझे दीड लाख आले नाहीत हे एका अर्थी बरंच झालं असं मला वाटतं, राग मानू नको.

ठाण्याहून_वकील:
कायद्याचं थोडक्यात. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला, राष्ट्रपतींची सही २२ ऑगस्टला झाली. पैसे लावून खेळायचा कुठलाही ऑनलाइन गेम, कौशल्याचा असो की नशिबाचा, चालवणं गुन्हा, ३ वर्षांपर्यंत कैद आणि १ कोटीपर्यंत दंड. जाहिरात करणाऱ्याला २ वर्षं आणि ५० लाखांपर्यंत. पैशांची ने-आण करून देणाऱ्यालाही चालवणाऱ्याएवढीच शिक्षा. नुसतं खेळणाऱ्याला त्या कायद्यात शिक्षा ठेवलेली नाही, त्यामुळे तक्रार करायला घाबरू नका. म्हणजे भारतात ही साइट चालवायचं लायसन्स कोणाकडेच नाही, तुमच्या मॅनेजरकडे कुठून असणार.

आता काही जण म्हणतील केस टाका. करार कायदा १८७२, कलम ३०, पैजेचा करार रद्दबातल, जिंकलेले पैसे मागायला कोर्टात दावा चालत नाही. ब्रिटिशांच्या काळापासून तेच आहे. महालक्ष्मीला घोड्यावर लावलेले आणि गोव्यात मांडवीच्या बोटीवर लावलेले, त्यांचे कायदे वेगळे, ते इथे आणू नका.

पण फसवणूक ही फसवणूकच. १९३० ला फोन करा, राष्ट्रीय सायबर क्राइम पोर्टलवर तक्रार टाका, यूपीआयचे सगळे ट्रान्झॅक्शन नंबर, टेलिग्रामचे स्क्रीनशॉट. तुमचे २२,००० जुने झालेत, मिळतील असं सांगत नाही. ४५,००० भरून बसला असतात तर पहिल्या तास-दोन तासांत फोन करणं महत्त्वाचं ठरलं असतं, कारण पैसे पुढच्या खात्यात सरकायच्या आत अडवता येतात.

डोंबिवली_फास्ट_नाही:
पण साइटच्या खाली कुरासाओचं (ते कॅरिबियनमधलं बेट) लायसन्स असं लिहिलेलं असतं ना? त्यांच्याकडे तक्रार होत नाही का?

नाइटशिफ्ट_मालाड:
होते, लायसन्स खरं असेल तर. त्या शिक्क्यावर क्लिक कर, तिथल्या सरकारी रजिस्टरचं पान उघडून त्यात हीच साइट दिसली पाहिजे. नुसता फोटो चिकटवलेला असेल तर तो शिक्का मी पण बनवून देतो दहा मिनिटांत. आधी तिथे चार मुख्य लायसन्सवाले आणि त्यांच्या हाताखाली हवे तेवढे पोटभाडेकरू असा कारभार होता, कोणी कोणाला विचारत नव्हतं, डिसेंबर २०२४ पासून नवीन कायदा आलाय तिकडे. पण भारतातनं खेळणाऱ्याला त्याचा कितपत उपयोग, मला शंका आहे.

आणि बाव्या, पैशापेक्षा मला तुझ्या कागदांची जास्त काळजी आहे. आधार, पॅन, पासबुक आणि वर हातात कागद धरलेला सेल्फी, हा पूर्ण सेट झाला. यावर कोणी लोन काढेल, सिम काढेल, किंवा तुझ्याच नावाने एक भाड्याचं खातं उघडेल आणि पुढच्या बाव्याचे पैसे त्यात येतील. आज रात्रीच आधारचं बायोमेट्रिक लॉक कर, आधारच्या सरकारी ॲपवरनं होतं. संचार साथी म्हणून सरकारी साइट आहे, तिथे जाऊन तुझ्या नावावर किती सिम आहेत ते बघ. सिबिलचा रिपोर्ट (तुझ्या नावावर कुठली लोन आहेत ते दाखवणारा) वर्षाला एक फुकट मिळतो, तो आत्ता काढ आणि दोन-तीन महिन्यांनी दुसऱ्या ब्युरोचा काढ, त्यांचा पण एक फुकट असतो. पुढे कधी कुठे आधार द्यायची वेळ आली तर मास्क केलेलं दे, शेवटचे चार आकडेच दिसतात त्यात.

शिवडीचा_बाव्या:
अपडेट देतो.

टॅन विचारला. आधी म्हणाला कसला टॅन, मग म्हणाला डिअर हा इंटरनॅशनल टॅक्स आहे याला टॅन लागत नाही. मी म्हटलं काल तर भारत सरकारचा होता. मग ४५ चे २० केले. मग म्हणाला १० आत्ता, १० नंतर, तुमच्यासाठी स्पेशल. मी हिशोब पाठवला ३८,४०० वाला, गिरगावच्या दादांनी दिलेला, तर मेसेज बघून गायब. रात्री लॉगिन केलं तर अकाउंट सस्पेंड, कारण दिलंय संशयास्पद हालचाल. माझी!!

मित्राला पैसे नको म्हणून सांगितलं. त्याने पण हळूच सांगितलं की त्याचे ९,००० तिथेच अडकलेत, म्हणून तो मला द्यायला एवढा तयार होता, माझे सुटले की त्याचे पण सुटतील असं त्याला वाटत होतं.

१९३० ला लागला फोन तिसऱ्यांदा, तक्रार नंबर आलाय. सिम बघितले, माझ्या नावावर तीन दिसतायत, दोन माझे आणि तिसरा ओळखीचा नव्हता, घाम फुटला, मग आठवलं तो आईचा गावचा आहे. सिबिल साफ आहे सध्या. बायकोला सांगितलं. ती काही बोलली नाही, माझा फोन घेतला, यूपीआयचा इतिहास खाली खाली सरकवत बसली, आणि त्या मोबाइल ॲक्सेसरीजच्या नावावर थांबून म्हणाली, हे मी तेव्हाच बघितलं होतं, मला वाटलं तू माझ्यासाठी वाढदिवसाला कव्हर घेतोयस.

घाटकोपरवाली_ताई:
🥺 घे रे तिला एक कव्हर.

आणि ते गेमचं डोकं परत फिरलं ना रात्री, तर टेली मानस म्हणून सरकारी लायन आहे, १४४१६, मराठीत पण बोलतात. माझ्या दिराने केला होता फोन, रमीच्या वेळी. लाज वाटायचं काही नाही त्यात.

काळाचौकीचे_काका:
आणि आता एक दुसरा येईल बघ, मी तुमचे अडकलेले पैसे काढून देतो, फक्त पाच हजार फी. त्याला पण टॅन विचार.

शिवडीचा_बाव्या:
काका आला पण! आज सकाळीच मेसेज, रिकव्हरी एक्स्पर्ट, डीपीला काळा कोट घातलेला. ब्लॉक केला.

सगळ्यांचे आभार. आता एकच विचारायचंय, ते बेस्टच्या बिलावर आजोबांचं नाव आहे ते बदलून माझ्या नावावर करायचं असेल तर काय काय लागतं? पागडीची रूम आहे, भाडेपावती पण अजून त्यांच्याच नावाने येते, आणि मालक पुण्याला असतो, फोन उचलत नाही.

आकडेमोड_गिरगाव:
त्याचा वेगळा धागा काढा. त्यापुढे तुमची ती केवायसी काहीच नव्हती.